न्यू जर्सीत लाकडी फरशीचं भाड्याचं घर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुणे, नाशिक, नागपूर, ठाणे असं कुठूनतरी न्यू जर्सीत बदली झालेली मंडळी ओळखीतून ओळख काढत माझ्यापर्यंत पोचतात. पहिला प्रश्न स्टेशन किती लांब हा असतो, आणि दुसरा ठरलेला: "कार्पेट नसलेलं घर मिळेल का हो?" अकरा वर्षांत मी इथे चार भाड्याची घरं केली, दोन कार्पेटची आणि दोन लाकडी फरशीची. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवते.

कार्पेटचं एवढं काय वाकडं आहे? अख्खी अमेरिका राहतेच की त्यावर.

राहते, पण ती खुर्चीवर राहते. आपण जमिनीवर राहतो. भाजी निवडायला, मुलाला भरवायला, पूजेला, पाहुणे जास्त झाले की जेवायलासुद्धा आपण खाली बसतो. एडिसनच्या माझ्या पहिल्या घरात फिकट बदामी कार्पेट होतं. शिऱ्यासाठी काढलेला रवा सांडला, तीनदा व्हॅक्यूम केलं, तरी पुढचे दोन महिने अनवाणी चाललं की तळव्यांना कचकच लागायची. त्यात फोडणीचा आणि हिंगाचा वास मुरतो तो वेगळाच. धुळीची ॲलर्जी किंवा दमा असलेलं कुणी घरात असेल तर कार्पेट नकोच.

जाहिरातीत 'हार्डवुड फ्लोअर्स' लिहिलंय. म्हणजे खरं लाकूड असेल ना?

असेलच असं नाही. इथल्या जाहिरातींत या एका शब्दाखाली चार निरनिराळ्या वस्तू खपतात.

पहिली खरी भरीव लाकडाची पट्टी: साधारण पाऊण इंच जाड, खाली खिळे मारून बसवलेली. जुन्या घरांत बहुतेक वेळा ती ओकची आणि सव्वादोन इंच रुंद असते. खराब झाली की घासून पुन्हा पॉलिश करता येते, आणि असं तिच्या आयुष्यात बऱ्याच वेळा करता येतं. दुसरी इंजिनिअर्ड: वर खऱ्या लाकडाचा पातळ थर, खाली प्लायवूड. हीसुद्धा चांगली असते, पण वरचा थर फारच पातळ असेल तर घासता येत नाही. तिसरी लॅमिनेट: भुशाच्या दाबलेल्या फळीवर लाकडाचा छापील फोटो आणि त्यावर कडक प्लास्टिकचा थर. पाणी आत गेलं की ती कडेने फुगते आणि पुन्हा बसत नाही. चौथी व्हिनाइल प्लँक, म्हणजे चक्क प्लास्टिक.

जाहिरातीत 'वुड-लूक', 'वुड-स्टाइल' किंवा नुसतं 'प्लँक फ्लोअरिंग' दिसलं की समजायचं, ही शेवटच्या दोघांपैकी एक. आता माझं मत ऐका. लहान मुलं आणि रोजचा मराठी स्वयंपाक असेल तर व्हिनाइलला नाकं मुरडू नका. पाण्याला ती लाकडापेक्षा कितीतरी बरी. फक्त खऱ्या लाकडाच्या नावाखाली जास्त भाडं देऊन ती पदरात पाडून घेऊ नका.

घर बघायला गेल्यावर ओळखायचं कसं?

खाली बसा. ब्रोकर काय म्हणेल याची काळजी करू नका.

पट्ट्यांवरच्या रेषा आणि गाठी नीट बघा. अगदी तशीच गाठ, तशाच वळणासह, चार पट्ट्या सोडून पुन्हा दिसली तर तो फोटो आहे. झाडाच्या दोन गाठी सारख्या नसतात. दुसरी जागा म्हणजे जमिनीतली हीटिंगची जाळी. ती बहुधा नुसती ठेवलेली असते. विचारून उचला, फरशीची कापलेली कड दिसते: सलग लाकूड, प्लायवूडचे थर, की भुसा. जाळी नसेल तर कपाटाच्या दारातला उंबरठा बघा. आणि जुन्या घरात घासलेल्या, किंचित खोलगट झालेल्या वाटा दिसल्या तर ते शंभर टक्के खरं लाकूड, प्लास्टिकला असं वय चढत नाही.

कुठल्या भागात, कुठल्या इमारतींत बघू?

याचं खरं उत्तर गावापेक्षा बांधकामात आहे. उंच टॉवर काँक्रीटच्या स्लॅबवर उभा असतो आणि स्लॅबवर सरळ खिळे ठोकता येत नाहीत. म्हणून जर्सी सिटीच्या नदीकाठच्या नव्या टॉवरांमध्ये जिम असेल, पोहण्याचा तलाव असेल, पण पायाखाली बहुतेक वेळा इंजिनिअर्ड किंवा व्हिनाइलच असणार. साठ-सत्तरच्या दशकातल्या काही टॉवरांत ओकच्या छोट्या तुकड्यांची चौकटी नक्षी, म्हणजे पार्के, स्लॅबवर चिकटवलेली सापडते. मला ती आवडते, पण तुकडे सुटून टकटक वाजतात का ते चालून बघा.

भरीव लाकूड हवं असेल तर लाकडी तुळयांवर बांधलेली जुनी घरं बघा: होबोकेन आणि जर्सी सिटी डाउनटाउनची ब्राउनस्टोन (तपकिरी दगडाच्या दर्शनी भिंतीची जुनी घरं), जर्सी सिटीच्याच हाइट्स आणि जर्नल स्क्वेअर या भागांच्या आसपासची दोन-तीन कुटुंबांची घरं, ब्लूमफील्ड-माँटक्लेअरकडचे जुने वाडे म्हणावेत असे बंगले. जर्नल स्क्वेअरचा आणखी एक फायदा, नेवार्क अॅव्हेन्यूवरचं इंडिया स्क्वेअर, म्हणजे आपल्या दुकानांचा बाजार, हाकेच्या अंतरावर आणि न्यूयॉर्कला जायला पाथ ट्रेन.

एडिसन, आयझेलिन, पार्सिपनी, प्लेन्सबरोकडे आपली माणसं, दुकानं, शाळा सगळं आहे, पण अपार्टमेंट संकुलांत कार्पेटचं राज्य आहे. तिथे जुनी, दोन-अडीच मजली 'गार्डन अपार्टमेंट' शोधा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या काही वर्षांत बांधलेल्यांपैकी बऱ्याच ठिकाणी मूळची ओकची फरशी आहे. पुढे कार्पेटची लाट आली आणि कित्येक घरांत ती चांगली फरशी कार्पेटखाली गाडली गेली. त्यामुळे संकुलाच्या कार्यालयात सरळ विचारा, "कार्पेट काढलेलं एखादं युनिट आहे का?" एकाच इमारतीत एका घरात कार्पेट आणि समोरच्यात लाकूड, असं मी स्वतः पाहिलंय.

साइटवर शोधताना काय टाकायचं?

झिलो, अपार्टमेंट्स डॉट कॉम वगैरेंवर फरशीचा फिल्टर किंवा शब्दशोध असतो, तो लावा, पण त्यावर विसंबू नका. कितीतरी घरमालक फरशीबद्दल काही लिहीतच नाहीत. मी फोटो बघते, आणि तेही बेडरूमचे. हॉलमध्ये लाकूड आणि बेडरूममध्ये कार्पेट ही इथली लाडकी युक्ती आहे. बेडरूमचा एकही फोटो नसेल तर समजून घ्या. दुमजली घरांच्या मालकांच्या जागा मात्र बऱ्याचदा साइटवर येतच नाहीत. दारावरची पाटी, मराठी मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप, किंवा किराणा दुकानातला फळा, यांवरच त्या मिळतात.

भारतातून निघण्याआधीच घर पक्कं करू का?

नका करू. पहिला महिना ओळखीच्यांकडे, एखाद्या खोलीत किंवा कंपनीने दिलेल्या जागेत काढा. न बघता डिपॉझिट पाठवणाऱ्यांवर जगणारी भामट्यांची मोठी जमात आहे. सुंदर फोटो, बाजारभावाहून कमी भाडं, मालक परदेशात, "पैसे पाठवा, किल्ली कुरियरने येईल". असं काही दिसलं की तिथल्या तिथे फोन ठेवा. अगदीच अडलं तर इथल्या ओळखीच्या माणसाला घरात उभं करून व्हिडिओ कॉल करा, आणि त्याला म्हणावं, कॅमेरा जमिनीवर धर.

माझा क्रेडिट स्कोअरच नाही. घर देतील का?

देतात. नोकरीचं पत्र, पहिल्या दोन पगारांच्या पावत्या, बँकेतली शिल्लक दाखवा. बहुतेकांना महिन्याचं उत्पन्न भाड्याच्या तिप्पट हवं असतं. मोठ्या कंपन्यांच्या संकुलांपेक्षा दोन-तीन घरांचा मालक लवकर ऐकतो.

फरशी खरी लाकडाची निघाली. आता काय तपासू?

उतार बघा. शंभर वर्षांच्या घरात गोटी ठेवली तर ती खिडकीकडे धावते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण एकाच जागी फरशी दबते, स्प्रिंगसारखी वर-खाली होते, तिथे खाली तुळई किंवा पाणी यांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं.

रेडिएटरच्या पायाशी, खिडकीखाली आणि स्वयंपाकघराच्या दारात काळे डाग आहेत का बघा. ओकमध्ये टॅनिन असतं, ओलं लोखंड त्याला लागलं की शाईसारखा काळा डाग पडतो. रेडिएटरखालचा काळा डाग म्हणजे तिथे कधीतरी गळती झाली आहे. हाच नियम तुमच्या ओल्या लोखंडी कढईलाही लागू. मी ती एकदा रात्रभर फरशीवर पालथी ठेवली होती, आणि सकाळी फरशीवर तिच्या काठाचं अर्धवर्तुळ उमटलं होतं.

पट्ट्यांवरून आडवा हात फिरवा. प्रत्येक पट्टी कडेला उचललेली आणि मधे बसकी लागली तर खालून ओल येते आहे. तळमजल्यावर तर हे नक्की बघा. (इथे 'फर्स्ट फ्लोअर' म्हणजे आपला तळमजला, नव्यांचा हमखास घोळ होतो.) ऑक्टोबर २०१२ मधल्या सँडी वादळात होबोकेनच्या सखल भागात पाणी शिरलं होतं, सप्टेंबर २०२१ मध्ये आयडा वादळाच्या पावसानेही न्यू जर्सीत हाहाकार उडवला. मार्च २०२४ पासून जागा पूरप्रवण भागात आहे का, हे बहुतांश घरमालकांनी भाडेकरूला लेखी सांगणं बंधनकारक आहे. सांगितलं नाही तर तुम्ही विचारा.

घर १९७८ च्या आधीचं असेल तर घरमालकाने शिसेयुक्त रंगाबद्दल जे माहीत आहे ते लेखी द्यायला हवं, सोबत सरकारी पत्रकही. रांगतं मूल असेल तर हा कागद बाजूला टाकू नका. जुन्या खिडक्यांच्या रंगाचा भुगा फरशीवर पडतो आणि मुलं तेच हात तोंडात घालतात.

मालक म्हणतो, "तुम्ही यायच्या आधी पॉलिश करून देतो." होकार देऊ?

जरूर द्या, पण तारीख लेखी घ्या. तेलाच्या पॉलियुरेथेनचा (म्हणजे फरशीवर चढवतात त्या पारदर्शक पॉलिशचा) वास बरेच दिवस डोळे चुरचुरवतो, पाण्याचं असेल तर लवकर सुटसुटीत होतं. कोणतंही असलं तरी पहिले काही आठवडे वर गालिचा अंथरायचा नसतो आणि फर्निचर ओढायचं नाही, उचलायचं.

लीजमध्ये लिहिलंय की ८० टक्के फरशी गालिच्याने झाका. मग लाकडाचा उपयोग काय?

हा प्रश्न विचारताना सगळ्यांचा आवाज सारखाच दुखावलेला असतो. हा कायदा नाही, लीजमधलं कलम आहे. न्यूयॉर्क शहरात फार चालतं, इथे न्यू जर्सीतल्या जुन्या इमारतींतही आढळतं. स्वयंपाकघर आणि बाथरूम बहुधा त्यातून वगळलेलं असतं. कारण साधं आहे: लाकडी तुळयांच्या घरात वरच्याची टाच खालच्याच्या डोक्यावर पडते. प्रत्यक्षात कुणी टेप घेऊन मोजायला येत नाही, पण खालच्या माणसाने तक्रार केली की ते कलम बाहेर निघतं. म्हणून मुलं धावतात तिथे आणि पलंगाभोवती जाड अस्तराचे गालिचे घाला. रबरी पाठीची स्वस्त चटई नको, तिचा पिवळा डाग फरशीवर कायमचा राहतो, व्हिनाइलवर तर हमखास.

मिक्सर आणि खलबत्त्याखाली दुमडलेला टॉवेल ठेवा. आणि राहायला आल्याच्या आठवड्यात खालच्या घरी लाडू किंवा चिवडा घेऊन जा. माझ्या खालच्या आजीबाई इटालियन होत्या. चकलीचा डबा पोचल्यावर त्यांनी मुलाच्या धावण्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

पुसायची कशी? रोज ओल्या फडक्याने लादी पुसल्याशिवाय मला चैन पडत नाही.

इथेच आपली माणसं चुकतात, आणि मी सगळ्यात आधी चुकले. शहाबादी, कोटा, मोझाइक, या फरशांना बादलीभर पाणी लागतं. लाकडाला ते विष आहे. पट्ट्यांच्या सांध्यांतून पाणी आत उतरतं आणि लाकूड फुगतं. रोज मऊ कुंच्याने किंवा कोरड्या मायक्रोफायबरच्या पोछ्याने केर काढा. आठवड्यातून एकदा घट्ट पिळलेला, दमट म्हणावा इतपतच ओला पोछा लाकडी फरशीच्या क्लीनरसह फिरवा. व्हिनेगरने चमक जाते. वाफेचा मॉप तर दुकानातच राहू द्या. हळद किंवा तेल सांडलं तर लगेच टिपून घ्या. आईला हे पटवायला मला सहा महिने लागले, ती आली की मी बादली लपवून ठेवायची.

खुर्च्या-टेबलांच्या पायांना फेल्टच्या टिकल्या चिकटवा, पाकीट दोन-चार डॉलरला मिळतं. घरून काम करणाऱ्यांनी चाकांच्या खुर्चीखाली मॅट घालायलाच हवी. आणि चपला दाराबाहेर, ते आपल्याला शिकवायला नको.

गणपती, दिवाळी, रांगोळी हे सगळं जमतं का?

जमतं, फक्त जागा बदलते. रांगोळी पाटावर किंवा काळ्या कार्डबोर्डवर काढा. भुकटी बारीक वाळूसारखीच असते, पायाखाली रगडली की पॉलिशवर ओरखडे उठतात. पणत्या ताटलीत ठेवा, तेल झिरपतं. गणपतीचं विसर्जन आम्ही घरात बादलीतच करतो. एका वर्षी बादलीला बारीक चीर होती, ते दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं. तोवर सहा पट्ट्या कडेने उचलल्या गेल्या होत्या, अनवाणी चालताना पन्हळी पत्र्यावर चालल्यासारखं वाटायचं. पंखा लावून हळूहळू वाळवल्या, दोन महिन्यांत बऱ्याचशा खाली बसल्या. तेव्हापासून बाप्पा बाथटबमध्ये निरोप घेतात. भाडेकरूचा विमा घेऊन ठेवा, तुमचं पाणी खालच्याच्या छतातून टपकलं तर तोच कामाला येतो.

आई-बाबा सहा महिने राहायला येणार आहेत. पाय घसरणार नाही ना?

मोजे घालून घसरतो. थंडीत ते मोजे घालणारच, तेव्हा तळाला रबरी ठिपके असलेले मोजे किंवा घरातल्या वेगळ्या स्लिपर आणून ठेवा. पलंगाशेजारी सुटा छोटा गालिचा ठेवू नका, रात्री उठताना पाय त्यातच अडकतो.

जानेवारीत पट्ट्यांमध्ये फटी पडल्या. मालकाला कळवू?

गरज नाही. हीटिंगमुळे घरातली हवा कोरडी होते, लाकूड आकसतं, उन्हाळ्यात पुन्हा भरून येतं. ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ३५ ते ५० टक्क्यांच्या आसपास ठेवली तर फरशीलाही बरं आणि फुटलेल्या ओठांनाही. जुलैतही फट तशीच राहिली तर फोटो काढून कळवा.

घर सोडताना फरशीच्या नावाने डिपॉझिट कापतील का?

कापायला बघतात. तिसऱ्या घराच्या मालकाने माझ्याकडून अख्ख्या हॉलच्या पॉलिशचे पैसे मागितले होते. माझ्याकडे राहायला आल्याच्या दिवशीचा व्हिडिओ होता, त्यात आदल्या भाडेकरूच्या कुत्र्याच्या नखांचे तेच ओरखडे दिसत होते. ईमेलने पाठवला, आठवड्यात चेक आला. म्हणून सामान आत येण्याआधी रिकाम्या खोलीत तिरप्या उजेडात प्रत्येक कोपऱ्याचा व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी मालकाला ईमेल करा. ईमेलवरची तारीख सहजासहजी बदलता येत नाही.

न्यू जर्सीचा नियम असा: डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, ते व्याज देणाऱ्या खात्यात ठेवावं लागतं, आणि घर सोडल्यावर ३० दिवसांत, काही कापलं असेल तर त्याच्या तपशीलवार यादीसह परत द्यावं लागतं. रोजच्या वापराने पडलेल्या फिकट वाटा आणि बारीक रेघा ही झीज, तिचे पैसे कापता येत नाहीत. पलंग ओढून पाडलेली खोल चर मात्र तुमची. नाहक अडवून ठेवलं तर न्यायालय दुप्पट रक्कम द्यायला लावू शकतं, आणि ५,००० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय स्मॉल क्लेम्समध्ये, म्हणजे छोट्या दाव्यांच्या न्यायालयात, करता येतो.

एक खोच आहे. मालक त्याच घरात राहत असेल आणि भाड्याची घरं दोनच किंवा कमी असतील, तर हा कायदा आपोआप लागू होत नाही. त्यासाठी मालकाला तशी ३० दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. लाकडी फरशीची जुनी घरं नेमकी अशीच असतात, तेव्हा ती चिठ्ठी पहिल्याच महिन्यात देऊन टाका.

आणि नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये घेतलं तर?

तिथे २०१९ पासून डिपॉझिट एकाच महिन्याचं, हिशेब १४ दिवसांत. जून २०२५ पासून न्यूयॉर्क शहरात ब्रोकरला ज्याने नेमलं त्यानेच त्याची फी द्यायची. मात्र वार्षिक उत्पन्न महिन्याच्या भाड्याच्या चाळीसपट मागतात.

सगळं मनासारखं मिळालं, पण बेडरूममध्ये कार्पेट आहे. काढून टाकू?

न विचारता नाही. पण कपाटाच्या आतल्या कोपऱ्यात, जिथे कार्पेट बहुधा सैल असतं, मालकासमोरच एक टोक उचलून बघा. खाली पट्ट्या दिसल्या तर म्हणा, "कार्पेट जुनं झालंय, बदलण्याचा खर्च करण्यापेक्षा काढूनच टाका." आमच्या चौथ्या घरात हे चाललं. पट्ट्या न दिसता नऊ इंची जुन्या चौकोनी टाइल्स दिसल्या तर मात्र टोक तसंच खाली ठेवा, त्या काळच्या टाइल्समध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो.